खरवड

टर्की बाहेर काढून फॉइलखाली झोपवली आहे.
अर्धा तास तिला हात लावायचा नाही,
आणि ग्रेव्ही व्हायला हवी ती याच अर्ध्या तासात.
नोव्हेंबरातला गुरुवार, नॉर्थ डकोटा,
खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची जाळी.
जेवायला चौदा माणसं, खुर्च्या बारा.
स्वयंपाकघरात आम्ही दोघीच:
मी, आर्लिस, आणि माझी बहीण व्हर्ना,
जिच्याशी मी तीन वर्षं बोललेले नाही.

तसं बोलतो. मिलार्डच्या मार्फत.
"मिलार्ड, तिला म्हणावं ओव्हन बंद कर."
"मिलार्ड, तिला सांग, मघाशीच केलाय."
मिलार्ड तिचा नवरा, चाळीस वर्षं टपाल वाटलेला माणूस,
निवृत्त झाला तरी पोचवतोच आहे बिचारा.

कारण विचाराल तर पियानो.
आई गेली त्याच्या नवव्या दिवशी व्हर्नानं तो
लुथरन चर्चच्या तळघराला देऊन टाकला.
मला न विचारता.
"तुला कुठे वाजवता येतो?" असं तिचं म्हणणं.
नाही येत. खरं आहे ते,
म्हणून तर जास्त लागतं.

असो.
भाजण्याचा ट्रे दोन शेगड्यांवर आडवा ठेवलाय.
तळाशी खरवड, गडद तपकिरी,
एक गाजराचा तुकडा काळा ठिक्कर पडलेला,
सेजची दोन पानं चरबीत तळून कुरकुरीत झालेली.
आई म्हणायची, चव पक्ष्यात नसते, खरवडीत असते.
जे लागलंय तेच सोडवून घ्यायचं,
हळूहळू, लाकडी डावानं, घासून नाही.
(घासलेलं तिला आवडायचं नाही.
ना भांडं, ना माणूस.)

चार चमचे चरबी ठेवली, बाकीची डब्यात.
चार चमचे पीठ.
परतते आहे. कच्चा वास जातो,
रंग आधी वाळूचा, मग पावाच्या कडेचा.
आता गरम रस ओतायचा, बारीक धारेनं,
आणि घोटणं क्षणभरही थांबवायचं नाही,
नाहीतर गुठळ्या.
घोटायला एक हात. ट्रे हलतो, तो धरायला एक.
ओतायला तिसरा हात
देवानं आमच्या घराण्यात कुणाला दिलेला नाही.

"मिलार्ड!"

हॉलमध्ये कुणीतरी टचडाऊन केलाय, सगळे ओरडतायत,
आणि त्या गोंधळात मिलार्ड
तोंड उघडं टाकून गाढ झोपलेला.

पीठ थांबत नाही कुणासाठी.
अजून वीस सेकंद, की कडू होईल.

"ओत," मी म्हणते.

कुणाला म्हणाले, तेही भिंतीकडे बघूनच.
पण रसाचं भांडं उचललं जातं.
धार पडते. पातळ, नेमकी,
जशी आईच्या हाताची पडायची
आणि माझ्या हाताची कधीच पडली नाही.

"थांब."
धार थांबते.
"ओत."
"अजून?"
"थोडं."
"मीठ?"
"तू बघ."

चमचा तिच्या ओठांशी जातो. ती डोळे मिटते.
भुवईवर आईसारखी आडवी आठी.
"मिरी हवी," ती म्हणते,
आणि मी मिरी घालते.
मिरी माझ्याही मनात होतीच,
पण तिनं सांगितल्यावर घातली असं दिसलं तर दिसू दे.

पियानोबद्दल कुणी काही बोललं नाही.
तो चर्चच्या तळघरातच आहे,
दमट हवेत, तीन पट्ट्या मुक्या झालेल्या,
नाताळात मुलं त्याच्यावर कोट टाकतात.

जेवताना ग्रेव्ही गाळून आणली होती,
तरी एक गुठळी चाळणीतून सुटलीच.
फिरत फिरत आली ती माझ्याच बटाट्यांवर.
व्हर्नानं पाहिली. मीही पाहिली.
काट्यानं फोडली नाही मी. तशीच खाल्ली.

मध्ये बसलेला मिलार्ड सवयीनं हात पुढे करून होता,
पण तिनं मीठदाणी
त्याच्या हातावरून
सरळ माझ्यापुढे ठेवली.