परतीची तारीख

मनामाच्या बाजारात, घड्याळवाल्याच्या मागच्या गल्लीत
सिनेगॉगचं एक कपाट, दोनशे चार पुस्तकं.
मर्सेलबाई वहीत लिहितात उजवीकडून,
मी डावीकडून;
मधल्या रकान्यात अक्षरांची टक्कर होते.

गुरुवारी सात जण जमतो. काळा चहा, वाळलेलं लिंबू.
कुणी बगदादच्या गच्चीची गोष्ट वाचतं, कुणी पोलंडच्या थंडीची,
आणि एसी इतका गार, की तीही पटते.

काल खालच्या फळीवर मराठी निघालं.
कीर्तनाचं. योसेफाला विहिरीत टाकतात
त्या पानावर हळदीचं बोट.
आत शाईने: रेवदंडा. वाचून परत करणे.
नाव कसरीने खाल्लंय.

मी म्हणत गेलो, चालीत, जमेल तसं.
कुणाला कळत नव्हतं, कुणी उठलंही नाही.

"तुमचे लोक काय करायचे तिथे?"
तेल गाळायचे. शनिवारी घाणा बंद.
"आणि तू?"
रिफायनरीत आहे. या शनिवारी पाळी.
सगळे हसले. मी थोडा उशिरा.

निघताना बाईंनी तारीख टाकली, पंधरा दिवसांची.
म्हणाल्या, रेवदंड्याला उशीर चालला असेल,
मला चालत नाही.