लाल साय

आधी वाटलं, वाळूवर संध्याकाळचा उजेड पडलाय.
दुसऱ्या दिवशी सकाळीही तो तिथेच होता,
डाव्या कोपऱ्यात, खडकाच्या पोटाशी,
बीट किसून झाल्यावरच्या ताटासारखा.
चार दिवसांत त्याची साय झाली.
दुपारी दिवे तापले की तिच्यातून
बारीक बुडबुडे सुटायचे,
खीर लागायच्या आधी सुटतात तसे.

बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर,
घाटाच्या या अंगाला
मी दोनशे लिटरचा समुद्र पाळतो.
मीठ पिशवीतलं, पाणी टँकरचं,
आरओतून रात्रभर ठिबकलेलं.

दुकानात तांबोळी म्हणाले,
"शेवाळ म्हणू नका हिला. शेवाळाच्या आजीची आजी आहे.
हवेत प्राणवायू नव्हता तेव्हाची."
मग नमस्कार करू की काढू?
"दोन्ही करा. नळीने ओढा. खाणं निम्मं घाला.
औषध आहे माझ्याकडे, पण विकणार नाही."

नळीने ओढली. बादलीत लोंबत राहिली
घसाळलेल्या रक्तासारखी.
खाणं निम्मं केलं. क्लाउन मासा
काचेला तोंड लावून असा बघायचा
जसा मी साहेबाकडे, इन्क्रिमेंटच्या महिन्यात.
फॉस्फेट तपासलं. पाण्याचा रंग
कार्डावरच्या पहिल्याच चौकोनाशी जुळला.
पाणी निर्दोष.
पाचव्या दिवशी साय परत, त्याच कोपऱ्यात.

उरला उपाय, तीन दिवस अंधार.
दोन सोलापुरी चादरी, वर हेमांगीचा जुना रेनकोट,
कडेने कपड्यांचे चिमटे.
पेपरचं बिल घ्यायला आलेल्या मुलाने
दारातच चपला काढल्या,
हळू आवाजात विचारलं, "काका, कोण...?"
मासे आहेत, म्हटलं. झोपलेत.

तिसऱ्या रात्री मी सोफ्यावर पडलो होतो.
चादरीखाली कोणी मेलं तर कळायचंही नाही,
या विचाराने टक्क जागा.
दोनला हेमांगी उठली. दिवा न लावता
पाच पावलं, भिंतीवर हात, टक्.
लाटेचा पंप बंद.
घरातली घूं थांबली
तेव्हा मला कळलं, घरात घूं होती.
तिच्या हाताला बटण शोधावं लागलं नाही.
किती महिने? पाचला चहा टाकताना
परत लावत असणार.
रोज तीन तास समुद्र उभा,
आणि डाव्या कोपऱ्यात साय धरायची.

(इथे एखादी उपमा आहे, हे लक्षात आलं.
घर, पाणी, थांबणं वगैरे.
तिला हात लावला नाही.
आत माशांना श्वास हवा होता.)

ती निजल्यावर बटण लावलं.
काचेला कान टेकला.
घूं काचेतून स्टँडमध्ये, स्टँडमधून भिंतीत,
आणि भिंतीपलीकडे तिची उशी.
सायकलची फाटकी ट्यूब काढली, कात्रीने कापली,
एक तुकडा पंपाच्या चुंबकाखाली,
एक घडी करून स्टँड आणि भिंतीच्या फटीत कोंबला.
पुन्हा कान. मग दुसरा कान.

सकाळी चिमटे काढले. वाळू पांढरी.
क्लाउन जरा फिकटलेला, प्रवाळं तोंड मिटून,
मानपान राहिलेल्या पाहुण्यांसारखी.
एक गोगलगाय उताणी पडलेली;
सरळ केली, चालू लागली.
हेमांगी कप घेऊन आली. बटणाकडे बघितलं.
"चालू आहे?"
चालू आहे.
"रात्रभर?"
मी चहात साखर ढवळत राहिलो, जी मी घेत नाही.
तिने भिंतीला तळहात लावून पाहिला,
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.

याला महिना झाला. कोपरा स्वच्छ आहे.
खडकाच्या मागे मात्र, मान वाकडी केली तरच दिसतो,
रुपयाएवढा लाल डाग.
तांबोळींना सांगितलेलं नाही.
रविवारी आजीला नमस्कार करतो, नळी उचलतो,
आणि कितीही सावधपणे ओढली
तरी एक खारट घोट तोंडात येतोच.