कोटांची हवा

आगीत मास्क असतो.
तिथं आपण सावध असतो.

सातपूरच्या केंद्रात सकाळी आठला
गांगुर्डे मोठी गाडी चालू करतो
शटर वर जायच्या आधीच, सवयीनं.
धूर जिना चढून येतो
अनवाणी, घरच्यासारखा,
आणि कुणाच्या तरी उशीवर टेकतो.

अंबडच्या रंगाच्या कारखान्याची आग
मंगळवारी विझली. रजिस्टरात वेळ आहे, पहाटे चार दहा.
कोट अजून खुंटीवर,
खाटांपासून दोन हातांवर.
दुपारी पत्रा तापला की
ती हळूच परत येते,
न भडकता, गोडसर वासाची.
डब्यातलं दही तिला आधी ओळखतं.

पाहुणे म्हणतात,
नाशिकची हवा मानवली हो आम्हाला.
मी मान डोलावतो.

वर्ष संपलं. निमसेनं कॅलेंडर काढलं
तर मागं पांढरा चौकोन.
आम्ही समजत होतो
भिंत राखाडीच रंगवलीय.

निमसे त्या चौकोनासमोर उभा राहिला,
खोकला, नेहमीसारखाच,
पण या खेपेला कुणी त्याला म्हातारा म्हटलं नाही.
मग त्यानं आपला कोट उचलला
आणि मागच्या करंजाला दोरी बांधून टांगला.
त्याच्यामागे गांगुर्डे. मग मी.

त्याच रात्री घंटा झाली.
कोटांसाठी अंधारात पळालो, चपला उलट्या.
निघायला चाळीस सेकंद उशीर.

साहेबांनी लाल पेन काढलं.
कारणाच्या रकान्यात काय लिहू?

निमसे म्हणाला, लिहा,
कोट हवा खायला गेले होते.