दोन कुलपं

रात्री सव्वा वाजता चुनाभट्टीत
सोसायटीची मोटर बंद पडते
आणि मी माझ्या कर्नलला दुसरा कोअर देते.

एका कोअरवर तो शहाण्यासारखा वागतो.
सेकंदाला शंभरदा टायमर खांद्यावर टिचकी मारतो,
की हा हातातलं काम तिथंच ठेवतो,
कुठल्या ओळीवर होता, कुठले आकडे मुठीत होते,
सगळं स्टॅकवर नीट रचतो
आणि दुसऱ्या थ्रेडचं गाठोडं सोडायला घेतो.
आमच्या लॅबमधला गुरव असाच :
मान वाकडी करून फोन, एकाच्या दंडावर कापूस,
दुसऱ्याच्या नळीला लेबल.
वर्षातून एकदा लेबल चुकतं.
माझंही एक रजिस्टर जपायचं राहिलं होतं गणपतीत,
एका थ्रेडचं मन दुसऱ्याच्या अंगात जाऊन बसलं.
चार रात्री गेल्या त्यात.

कुणी मागितलेला नाही हा.
याच्यावर फोन लागणार नाही, पगार निघणार नाही,
अजून साधी एक फाइल उघडता येत नाही याला.
दोनच थ्रेड आहेत. एक अ लिहितो, एक ब.
अक्षरं मी चौकटीच्या वहीत टिंब भरून काढली,
ब चं पोट तीनदा खोडलं.
लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवर
अ ब अ ब अ ब
आणि सहाव्या-सातव्या मिनिटाला, गप्प.

कुठं अडतो ते बघावं म्हणून
मध्ये एक ओळ छापायला सांगितली, तर अडेचना.
ओळ काढली, अडला.
पाहुणे असेपर्यंत गुणी असणाऱ्या पोरासारखा.

शेवटी कागदावर मांडलं.
अ च्या हातात मेमरीचं कुलूप, त्याला हवा पडदा.
ब च्या हातात पडदा, त्याला हवी मेमरी.
दोघं सभ्य. दोघं थांबलेत.
दोघांपैकी कुणाचीच ओळ चुकलेली नाही.

मी पेन खाली ठेवलं.

अण्णांच्या लॉकरची किल्ली दहिसरला, हेरंबकडे.
सहीचा कागद माझ्या कपाटात, साडीच्या घडीखाली.
आधी तू सही कर, मग किल्ली.
आधी किल्ली दाखव, मग सही.
तीन वर्षं. बँक मात्र दर एप्रिलला भाडं कापून घेते.
आत काय आहे, दोघांनाही ठाऊक नाही.
आईच्या पाटल्या असतील. नसतीलही.

यावरचा उपाय जुना आहे, पोरकट वाटेल इतका सोपा :
कुलपांना नंबर द्यायचे.
ज्याला दोन्ही हवीत त्यानं आधी एक नंबरचं घ्यायचं, मग दोन.
कुणाचा हक्क मोठा, हे कुणी विचारत नाही.
मी दोन ओळींची जागा बदलली.

अ ब अ ब अ अ ब
दहा मिनिटं. वीस. चाळीस.
आता मधूनच दोघांनाही काम नसतं,
तेव्हा तिसरा जागा होतो, काहीच न करणारा,
पुढची टिचकी येईपर्यंत नुसता बसून राहणारा.
खाली गेटवर तिलकधारी खुर्चीत तसाच बसलाय,
मफलर कानावर, काठी मांडीवर.
त्याच्यावाचून सोसायटी चालत नाही
हे मला आज पटलं.

पण आमच्यात एक नंबर कुठला?
किल्ली म्हणावं तर मी हरले,
सही म्हणावं तर तो म्हणेल बघ, आली ताळ्यावर.
कर्नलला कसं, मी सांगितलं आणि त्यानं ऐकलं.
हेरंबला मी पाळण्यापासून सांगतेय.

पावणेचारला फोन उचलला.
शनिवारी सही करते, लिहिलं.
खोडलं.
शनिवारी येतोस का, सही करते, लिहिलं, आणि
पाठवलं की नाही ते बघायच्या आत
कोपर लॅपटॉपवर टेकलं, कुठलीशी कळ दाबली गेली
आणि पडदा ब वर थांबला.

कीबोर्डचंही एक कुलूप असतं.
त्याला नंबर द्यायचा राहिला होता.