छाप

वही तळोद्याला मिळाली, मिशनच्या पत्र्याच्या पेटीत.
एक कोपरा वाळवीने खाल्लेला, बाकी शाबूत.
हलमार साहेबाची. खरं नाव हेल्मर,
पण डोंगराने हाकारलं तसाच तो राहिला.
प्रत्येक पानावर दोन रांगा:
डावीकडे त्याची बोली, उजवीकडे आमची.

मोहाच्या फुलाला नऊ शब्द.
झाडावरचं वेगळं, पडलेलं वेगळं, वाळलेलं, भिजलेलं,
आणि एक, अस्वलाने हुंगून सोडलेल्या फुलाचा.
त्यासमोर शाईने: खात्री करणे.

सत्तेचाळिसाव्या पानावर साहेब अडला.
पाप.

त्याने रोमताला विचारलं, माझ्या पणज्याला.
मधे दुभाष्या नथू शिंपी, कुकरमुंड्याचा.
काय केलं की माणसाला रात्री झोप येत नाही?
काय केलं की धुतलं तरी जात नाही?

रोमता बराच वेळ चिलीम भरत बसला.
कुणाची बायको पळवली, तर पंच बसतात.
कणसरीचा नवस चुकला, तर कोंबडं.
भांडण सांजेपर्यंत बोकडावर मिटतं,
रात्र लागू देत नाही आम्ही.
मग त्याला आठवली हातोडी.
जंगलखात्याचा नाकेदार साल तासून
सागाच्या उघड्या अंगावर मारायचा ती.
त्यातला एक साग बापाच्या दगडाजवळचा.
घाव बसला आणि झाड सरकारचं झालं,
हात लावला तर चोर आम्ही.

नथूने उलथं केलं त्याच्या अहिराणीत:
‘आम्हनाकडे पाप नई शे, साहेब. छाप शे.’

साहेबाने लिहून घेतलं.

रविवारी चिंचेखाली उभा राहून तो म्हणाला,
तुम्हा प्रत्येकाच्या काळजावर छाप आहे.
माझ्याही आहे.
पण एक जण आला, लाकडाला खिळला गेला,
आणि त्याने सगळ्यांची छाप पुसली.
कुणी फेट्यात तोंड लपवून हसलं.
गिंबी डाहली मात्र रडली, का ते तिने कधी सांगितलं नाही.
पुढच्या पंधरवड्यात सतरा जणांनी पाणी घेतलं.
रोमताने नाही घेतलं.
पण अमावस्येला तो आणि ते सतरा
वाकस घेऊन जंगलात गेले, आणि उजाडेपर्यंत
एक्केचाळीस सागांवरची छाप तासून काढली.

धुळ्याच्या कचेरीत साहेबाची साक्ष झाली.
मी काळजाबद्दल बोललो होतो, तो म्हणाला.
मॅजिस्ट्रेट म्हणाला, काळीज नोंदवहीत नाही.
तीन-तीन महिने.
सुटताना तुरुंगाच्या दाराशी साहेब उभा होता,
हिवतापाने पिवळा, हातात गुळाची ढेप.
रोमताने गूळ घेतला.
सतरापैकी सहा जण घरी जाताना वाघदेवाकडून गेले,
अकरा नाही गेले.
होळीला मात्र सगळे एकाच ढोलावर.

वहीत छाप हा शब्द खोडलाय.
त्याच्या खाली दुसरा काही नाही.

परवा वनहक्काच्या दाव्याला पुरावा मागितला
तेव्हा मी ते पान पुढे केलं.
हे काय? म्हणाले अधिकारी.
शब्दकोश, म्हटलं.
ते हसले नाहीत, उठले, डोंगर चढले.
दोनच साग उरलेत त्यातले.
तासलेल्या जागी साल भरून आलीय,
पण आत ओढून घेतलेल्या ओठांसारखी.
त्यांनी तिथे बोट ठेवलं, थोडा वेळ.
मग टेप काढला
आणि खोडाचा घेर मोजला.