खटका

चढण्याचं काही नव्हतं. चढायचा तो.
दीड मीटरवर आडवी दांडी, हाताशी वीस सेकंद,
आकडा वर जाऊन दांडी धरायचा, रिळावर दोरी गुंडाळायची,
आणि आमचा वीस किलोंचा गडी
विहिरीतून बादली यावी तसा हलतडुलत वर.

पण घंटा झाली की वीज तोडायची, हा स्पर्धेचा नियम,
आणि उंची मोजायची त्यानंतर पाच सेकंदांनी.
वीज तोडली की
बादली परत विहिरीत.

उद्यमबागेत मुचंडीमामांच्या शेडमध्ये, लेथच्या मागं,
शेजारच्या फौंड्रीची काळी वाळू वहीच्या पानापानांत,
अकरा वेळा पडला.
तौसिफ म्हणाला, मोटार मोठी घेऊ.
मी म्हटलं, गिअर बदलू.
शिवलीला काही म्हणाली नाही. पालथी पडून
टेबलाखाली गेलेलं चाक काढत होती.
मामा हातातली कानस न थांबवता म्हणाले,
"वर न्ह्यायचं सोप्पं असतंय रे.
वर ठेवायचं कसं, ते कुणी काढलंय काय वहीत?"

कुणी काढलं नव्हतं.
वहीत सगळे बाण वरच्या दिशेनं.

रविवारी वडगावात शिवलीलाच्या घरी गेलो, चार्जर आणायला.
पुढच्या खोलीत माग चालू. बोलायचं तर ओरडून.
तिची आई, गिरिजव्वा, तुटलेला धागा सांधत होत्या
आणि मागाच्या बगलेला एक दातेरी चाक
दाता-दातानं सरकत होतं, टक्, टक्,
त्यावर बोटाएवढं लोखंड वाकून बसलेलं.
साडी पुढं जायची. मागं यायची नाही.
मी बोट दाखवलं. गिरिजव्वा हसल्या:
"हिडद्र बिडंगिल्ल."
एवढं कन्नड मला येतं. धरलं की सोडत नाही.
शिवलीला त्या चाकाकडं अशी बघत राहिली
जणू ते कालच कुणी आणून बसवलंय,
आणि अठरा वर्षं ती याच आवाजात झोपलेली.

मामा त्याला कुत्रं म्हणतात, सायकलवाल्यांसारखं.
तौसिफनं वहीत लिहिलं, खटका.
पाच मिलिमीटरचा पत्रा, बारा दाते,
एक दात मामांनी पुन्हा घासायला लावला, मग तोच आणखी एकदा.
पेनातली स्प्रिंग दुसऱ्याच झटक्याला उडाली,
ती अजून सापडलेली नाही.
स्टेपलरमधली टिकली.

मग वजनकाटा. मर्यादा वीस किलोंची,
काट्यावर वीस आणि वर एकशे दहा ग्रॅम.
पट्ट्यांना भोकं पाडली. साठ ग्रॅम कीस निघाला.
पन्नास राहिलेच.

आता पाटीचं सांगायला हवं.
पितळेची, संघाच्या नावाची, त्याच्या छातीवर.
मराठी वर की कन्नड वर, यावरून
तीन दिवस आमच्यात खटके उडाले होते,
एक दिवस तर कुणी कुणाशी बोललंच नाही,
शेवटी शेजारी-शेजारी कोरून घेतली,
तरी डावीकडं कोण, हे कुरकुरत राहिलंच.
"पाटी कितीची?" तौसिफनं विचारलं, कुणाकडंच न बघता.
साठ ग्रॅम. स्क्रूसकट.
शिवलीलानं एका बाजूचा स्क्रू काढला, मी दुसऱ्या.

रात्री नऊला चढवला. वीज तोडली.
टक्. बोटभर खाली आला, दातावर बसला, थांबला.
पाच सेकंद. दहा. तौसिफनं मोजणं सोडून दिलं.
तिसऱ्या रेल्वे गेटाकडून मालगाडी गेली, शेडचे पत्रे थरथरले,
तो नाही.
उतरवायचं कुणाच्या जिवावर येईना. तसाच ठेवून गेलो.

सकाळी आलो तर मामा आधीच लेथवर,
आणि तो तिथंच, दांडीला,
छातीवर स्क्रूची दोन रिकामी भोकं,
बाजूच्या पट्टीला मामांच्या डब्याची पिशवी अडकवलेली.
"खुंटी बरी झालीया," म्हणाले.