पाव सूत

हातप्रेस मिळाला वजनावर,
किसननगरच्या भंगारात, पंख्याच्या जाळीखाली.
फैयाजने काट्यावर ठेवला : साडेअकरा किलो.
दांड्याची मूठ झिजून गुळगुळीत,
कुणाच्या तरी उजव्या हाताच्या मापाची.
मी डावरी.

दांडा ओढला की ओतीव मान खाली येते
आणि खाली काहीच नाही.
वरचा डाय नाही, खालचा नाही,
नुसती भोकं. आत आटे.

मी पिशव्या शिवते, ताडपत्रीच्या,
डिलिव्हरीवाल्या पोरांसाठी.
त्यांना चेन पुरत नाही,
टिचबटण लागतं, कट्ट म्हणणारं.

जांभळी नाक्यावरचा म्हणाला, हे येत नाही आता.
त्याच्या शेजारचा म्हणाला, ताई, नवीनच घ्या की.
तिसऱ्याने एक डाय दिला, दहा मिलीमीटरचा.
घरी लावला. अर्धा फेरा आत गेला
आणि अडकला,
बोलता बोलता गप्प झालेल्या माणसासारखा.

वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
घाडीगावकरांनी लेथ थांबवला,
भोकात आधी करंगळी घातली,
व्हर्नियर मग काढला.
"तीन सूत. इंचातलं काम आहे हे.
तुमचा डाय मिलीमीटरचा.
फरक पाव सुताचाही नाही,
पण लोखंडाची समजूत काढता येत नाही."

वरच्यासाठी अडॅप्टर करून दिला :
एका टोकाला इंच, दुसऱ्याला मिलीमीटर,
मध्ये षटकोनी कंबर, पान्याला धरायला.
खालच्यासाठी बिस्किटांचा डबा उघडला,
रॉकेलात बुडलेले डाय वर्तमानपत्रावर ओतले.
एकेक लावून बघितला. नववा बसला,
नुसत्या बोटांनी, तळापर्यंत.

त्याच्या वाटीत कोरलेला एक पक्षी. लांब पाय. उलटा.
"टिटवी छाप," ते म्हणाले,
"रेनकोटची कंपनी होती, पोखरण रोडला.
घासून सपाट करून देऊ?"
म्हटलं, आधी उमटते कशी ते बघू.

पहिलं बटण तिरकं बसलं.
दुसरं फाटलं.
तिसऱ्यावर मसुरीएवढी टिटवी.

रोहिदास पिशवी परत घेऊन आला.
आई म्हणते, टिटवी ओरडली की घरातलं कुणीतरी जातं.
मी बटण लावून, काढून दाखवलं.
ही ओरडत नाही रे, कट्ट म्हणते फक्त.
दहा रुपये कमी देऊन घेऊन गेला.

मग कळव्याच्या बाजारात एक बाई
माझ्या पिशव्यांपाशी थांबली.
रंग बघितला नाही, शिवण बघितली नाही,
बटण उलटं करून मागे नख लावलं.
"दाब कमी पडतोय.
दांडा खाली गेला की एक श्वास थांबायचं, मग सोडायचा."

गुलाब तरे. नऊ वर्षं टिटवीत, पॅकिंगला.
मी विचारलं, रेनकोटला असलं अपशकुनी नाव कुणी दिलं हो?
ती हसली.
"टिटवी अंडी उंचावर घालते त्या वर्षी पाऊस जास्त.
शेट चैत्रात माणूस धाडायचा शेतांतून,
अंडी कुठे आहेत ते बघायला.
तेवढ्यावर कापडाची ऑर्डर."

आणि शेवटच्या वर्षी?

"शेवटच्या वर्षी माणूस लवकर परत आला.
शेतात सळया उभ्या होत्या."
तिने बटण लावून टाकलं, कट्ट,
आणि कोथिंबिरीच्या भावाकडे वळली.

आता मी एक श्वास थांबते.
अडॅप्टर दर सोमवारी थोडा सैल होतो,
पाव फेरा आवळावा लागतो,
त्याला कागद लावून बघितला, दोरा लावून बघितला.
दांड्याच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आहे.
डावा हात बसतो.
जवळजवळ.